ऑटोक्रॉस शिकताना ईएससी चालू ठेवावं की बंद?

सरळरेषा

नमस्कार मंडळी. मी ऑटोक्रॉस शिकतेय, म्हणजे मोकळ्या मैदानात प्लॅस्टिकचे शंकू, ज्यांना आपण कोन म्हणतो, मांडून आखलेल्या कोर्सवर एकेकट्यानं वेळ लावून गाडी चालवणं. आत्तापर्यंत चार इव्हेंट झाले. गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक, कारखान्यातून आली तशीच, टायरही रोजचेच. पहिल्या तीन इव्हेंटला ईएससी (घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा), ट्रॅक्शन कंट्रोल (चाक जागीच फिरू न देणारी) सगळं चालू ठेवून चालवली. दर वेळी टायमिंग सुधारत गेलं आणि तिसऱ्या इव्हेंटला अडकलं. सहाच्या सहा रन अर्ध्या सेकंदाच्या आत, काहीही केलं तरी.

स्लॅलममध्ये, म्हणजे ओळीतल्या कोनांमधून डावी-उजवीकडे वळत जायचं तिथे, तिसऱ्या-चौथ्या कोनापाशी डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा लुकलुकतो आणि गाडी एकदम मलूल पडते. ॲक्सिलरेटर दाबलेला असतो, पण इंजिन ऐकत नाही. तिथून पुढचे दोन कोन नुसते वाट बघण्यात जातात.

चौथ्या इव्हेंटला बटण दाबून बंद केलं. स्लॅलम मस्त गेला. त्याच्यापुढे डावीकडे एक लांबलचक वळण होतं. आत शिरल्यावर वेग जास्त वाटला म्हणून पाय काढला, आणि मागचा भाग एवढ्या झटक्यात आला की कळायच्या आत मी आल्या दिशेला तोंड करून उभी. पुढच्या रनला तिथंच, तसंच. कोणाला काही झालं नाही, तीन कोन पडले. पण त्यानंतरचे रन मी त्या वळणाला घाबरून चालवले आणि टायमिंग आधीपेक्षा वाईट आलं.

तिथल्या दोन अनुभवी लोकांना विचारलं. एक म्हणाले, बंदच ठेव, गाडी फिरल्याशिवाय हात बसत नाही. दुसऱ्या म्हणाल्या, वर्षभर त्या बटणाला हात लावू नकोस. दोघंही माझ्यापेक्षा कितीतरी वेगवान आहेत, म्हणून कोणाचं ऐकायचं कळेना. आणि एक, बंद केल्यावरही तो दिवा एकदा लुकलुकला. तो का?

मागचीचाकं

बंद. पहिल्या दिवसापासून बंद.

कारण सांगतो. मी पहिलं वर्षभर सगळं चालू ठेवून चालवली आणि मला वाटायचं की माझे हात फार मऊ आहेत. नंतर एका मित्राच्या जुन्या रिअर व्हील ड्राइव्ह गाडीत बसलो, जिच्यात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारं एबीएससुद्धा नव्हतं. पहिल्याच रनला दोनदा फिरलो. वर्षभर मागची बाजू कॉम्प्युटर सावरत होता आणि मी ते स्वतःचं कौशल्य समजत होतो. ते वर्ष मला परत शिकावं लागलं.

मैदानात एका वेळी एकच गाडी, भिंत नाही, झाड नाही, समोरून कोणी येत नाही. वेग फार तर साठ-ऐंशी. गाडी सुटल्यावर काय वाटतं हे शिकायला यापेक्षा चांगली जागा कुठे मिळणार? तुम्ही दोनदा फिरलात ही चांगली गोष्ट झाली. आता त्या क्षणी पाठीला आणि सीटला काय जाणवलं ते आठवा.

सेन्सर

मी ब्रेक सिस्टिमच्या कामात आहे, म्हणून आधी दिव्याबद्दल.

ईएससी चार गोष्टी बघतं. स्टीअरिंग किती वळवलंय, चारही चाकं किती वेगानं फिरताहेत, गाडी स्वतःच्या उभ्या अक्षाभोवती किती वेगानं वळतेय आणि बाजूला किती ओढली जातेय. स्टीअरिंग आणि वेगावरून ते ठरवतं की ड्रायव्हरला कुठे जायचंय. बाकीच्या सेन्सरवरून कळतं की गाडी प्रत्यक्षात कुठे चाललीय. ही तुलना सेकंदाला सुमारे २५ वेळा होते. फरक वाढला की ते एकाच चाकाचा ब्रेक लावतं आणि जोडीला इंजिनची ताकद कमी करतं. नाक बाहेर जात असेल, म्हणजे अंडरस्टीअर, तर आतल्या बाजूचं मागचं चाक धरतं. मागचा भाग सुटत असेल तर बाहेरच्या बाजूचं पुढचं चाक.

आता स्लॅलमचं बघा. पुढच्या टायरची पकड संपलेली असताना तुम्ही स्टीअरिंग आणखी वळवलंत, तर माणसाला कळतं की आता काही उपयोग नाही. ईएससीला मात्र वाटतं की तुम्हाला अजून जास्त वळायचंय. ते मदतीला धावतं. ब्रेक आणि इंजिन दोन्हीकडून. तुम्हाला जो मलूलपणा जाणवतो तो हाच. गाडी तुमच्या हातांनी मागितलेलं देण्याचा प्रयत्न करत असते.

बटणाचं असं आहे की एकदा दाबल्यावर बऱ्याच गाड्यांत फक्त ट्रॅक्शन कंट्रोल बंद होतं. काही सेकंद दाबून धरलं तर ईएससीही ढिलं होतं, आणि काही मॉडेलमध्ये तरीसुद्धा ठरावीक वेगाच्या वर किंवा घसरताना ब्रेक दाबला की ते परत जागं होतं. तुमचा दिवा त्यामुळेच लागला असावा. तुमच्या मॉडेलमध्ये नेमकं काय होतं ते गाडीच्या पुस्तिकेत असतं, ते एकदा वाचून घ्या. आतलं चाक नुसतं फिरायला लागलं की त्याचा ब्रेक धरून ताकद दुसऱ्या चाकाकडे पाठवायची सोय कित्येक गाड्यांत बटण बंद असतानाही चालू राहते. ती तुमच्या फायद्याचीच आहे.

रस्त्यावरचा वादच नको. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा संस्थेनं २००७ साली ईएससी सक्तीचा नियम काढला, तेव्हा एकाच वाहनाच्या अपघातांत कारच्या बाबतीत ३४ टक्के आणि एसयूव्हीच्या बाबतीत ५९ टक्के घट होईल असा अंदाज दिला होता. १९९५ मध्ये हे तंत्र पहिल्यांदा मर्सिडीजच्या एका मोठ्या कूपेमध्ये आलं. दोनच वर्षांनी त्याच कंपनीची छोटी ए-क्लास एका स्वीडिश मासिकाच्या चाचणीत, अचानक समोर आलेला अडथळा चुकवताना उलटली, आणि मग त्या छोट्या गाडीतही ते सरसकट बसवावं लागलं. मैदान सोडून बाहेर पडताना बटण पुन्हा चालू आहे ना, हे बघायची सवय आत्तापासून लावा.

जुना_चालक

मी नवशिक्यांच्या शेजारी बसतो, बरीच वर्षं. माझं मत मागचीचाकं यांच्यापेक्षा वेगळं आहे.

सरळरेषा, तुझ्याकडे एक फुकटचा शिक्षक आहे, त्याला एवढ्यात घरी पाठवू नकोस. तो पिवळा दिवा. फक्त तो काय सांगतोय ते नीट ऐकायला हवं. दिवा चौथ्या कोनापाशी लागतो, पण चूक चौथ्या कोनापाशी झालेली नसते. ती दुसऱ्या कोनापाशी झालेली असते.

स्लॅलमचा हिशेब कर. ताशी ६० म्हणजे सेकंदाला साधारण १६.७ मीटर. कोन १८ मीटरवर असले तर दर सेकंदाला एक कोन येतो. दुसऱ्या कोनाला तू एका चाकाची रुंदी उशीर केलास, तर तिसऱ्याला दोन चाकांचा उशीर होतो. मग चौथ्याला स्टीअरिंग ओरबाडल्यासारखं ओढावं लागतं आणि तिथे दिवा लागतो. नवीन माणूस म्हणतो, चौथ्या कोनाला ईएससीनं मला अडवलं. प्रत्यक्षात त्यानं फक्त पावती फाडली.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्यांना मी एक काम देतो. रन संपला की गाडीतून उतरायच्या आत कोर्सच्या नकाशावर जिथे जिथे दिवा लागला तिथे फुली मारायची. मग त्या फुलीच्या मागे दोन कोन जायचं आणि विचार करायचा की इथे मी कुठे बघत होतो. दहापैकी आठ वेळा उत्तर एकच असतं, समोरच्या कोनाकडे. बघायचं असतं त्याच्या पुढच्या कोनाकडे. आणि कोनाला जवळ जायचं ते त्याच्या पुढच्या अंगाला नाही, मागच्या अंगाला. म्हणजे कोन आरशाजवळ येईपर्यंत गाडी पुढच्या कोनाकडे वळायला लागलेली असली पाहिजे. हात आधी आणि हळू.

तुझं फिरणं वेगळ्या कारणानं झालं. लांब वळणात गाडी टायरच्या मर्यादेवर होती. तू पाय काढलास, वजन पुढे गेलं, मागचे टायर हलके झाले आणि आधीच ताणलेली पकड सुटली. फ्रंट व्हील ड्राइव्ह हॅचबॅक मागून तशीही हलकीच असते. तीन इव्हेंट हीच चूक तू केलेली असणार, फक्त तेव्हा बाहेरच्या पुढच्या चाकाचा ब्रेक धरून ईएससीनं तुला सांभाळून घेतलं. त्या वळणातही दिवा लागत असणार. आठवून बघ.

सरळरेषा

लागायचा! पण तिथे गाडी मलूल व्हायची नाही, नुसता क्षणभर लागून जायचा, म्हणून मी लक्षच दिलं नव्हतं. हे वाचून अंगावर काटा आला.

मागचीचाकं

जुना_चालक, फुल्या मारण्याची पद्धत मला आवडली, मीही आता वापरेन. पण मोठी अडचण अशी की दिवा न लागणं म्हणजे चांगलं चालवणं नव्हे. दिवा शांत ठेवण्याचा सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे हळू चालवणं. मी असे लोक पाहिलेत, दोन-दोन वर्षं दिवा न लागू देता गोगलगाईसारखे चालवतात आणि समाधानी असतात. टायरची मर्यादा कुठे आहे हे त्यांना कधीच कळत नाही, कारण ते तिथपर्यंत जातच नाहीत.

आणि गाड्यागाड्यांत फरक असतो. काही गाड्यांचं ईएससी इतकं घाबरट असतं की टायर अजून नीट तापलाही नसताना ब्रेक लावतं. रोजचा टायर थोडा घसरत असतानाच सगळ्यात जास्त पकड देतो. टायर जिकडे तोंड करून आहे आणि गाडी जिकडे जातेय यांत सहा ते दहा अंशांचा फरक असला की पकड शिगेला पोचते. एखादं ईएससी तिथपर्यंत जाऊच देत नसेल, तर त्याचा दिवा बघून माणूस चुकीचीच मर्यादा शिकणार.

जुना_चालक

हा मुद्दा खरा आहे आणि मी तो सोडून दिला होता. दिवा एकटा बघायचाच नाही, घड्याळाबरोबर बघायचा. दिवा शांत झाला आणि टायमिंगही उतरलं, तर शिकलात. दिवा शांत झाला पण टायमिंग चढलं, तर फक्त घाबरलात. घाबरट ईएससीबद्दलही मान्य. ज्या गाड्यांत मधला स्पोर्ट मोड आहे, थोडं घसरू देऊन मग धरणारा, त्यांत मी लोकांना दुसऱ्या-तिसऱ्या इव्हेंटपासूनच तो लावायला सांगतो.

पण पहिल्या दिवसापासून पूर्ण बंद, हे मला पटत नाही. याचं कारण सुरक्षितता नाही. नवीन माणसाला रनमध्ये एकाच वेळी कोर्स आठवायचा असतो, पुढे बघायचं असतं, गिअर, ब्रेक, हात. त्यात गाडी फिरली तर ती का फिरली हे त्याला सांगताच येत नाही. 'अचानक फिरली' एवढंच सांगतो. सरळरेषानंही तेच लिहिलंय बघा, कळायच्या आत. कारण न कळता दहा वेळा फिरलं तरी हाती फक्त भीती लागते, आणि मग माणूस त्या वळणाला चोरून चालवतो. दिवसाला सहा रन, एकेक जेमतेम मिनिटभराचा. शिकायला मिळणारी मिनिटंच सहा. ती भीती जमवण्यात घालवू नयेत.

टायरवेडा

दोघांचं भांडण मिटवणारी एक जागा आहे, स्किडपॅड, म्हणजे गाडी घसरवून शिकायची मोकळी जागा. कोर्सवर शिकूच नका. १५ मीटर त्रिज्येचं वर्तुळ, मध्ये एक कोन, आणि गोल गोल फिरायचं.

आकडे बघा. कोरड्या जमिनीवर रोजचा चांगला टायर ०.९ जीच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ०.९ पटीच्या, आसपास पकड देतो असं धरा. त्या वर्तुळात ते होतात ताशी ४१ किलोमीटरला. वेग ४३ केला की मागणी ०.९७ होते. दोन किलोमीटरमध्ये सगळं बदलतं, कारण मागणी वेगाच्या वर्गानं वाढते. तेच वर्तुळ ओलं केलं, पकड ०.६ वर आली, की मर्यादा ताशी ३४ ला येते. ३४ ला गाडी सुटते तेव्हा सगळं कसं सावकाश होतं ते अनुभवा. विचार करायला वेळ मिळतो. टायरही झिजत नाहीत.

आधी चालू ठेवून फिरा. वेग हळूहळू वाढवा आणि दिवा कुठे लागतो ते बघा. मग बंद करून त्याच वेगाला या. दिवा लागायचा त्या जागी आता हाताला काय जाणवतं? स्टीअरिंग हलकं होतं. आवाज बदलतो, गुणगुणण्यातून खरखरीकडे जातो. हे कान आणि हात तयार झाले की दिव्याची गरज राहत नाही. मग सरळरेषांसाठी खास व्यायाम. वर्तुळात मर्यादेवर असताना मुद्दाम पाय थोडा काढा. पूर्ण नाही, थोडा. नाक आत येईल. परत हलकेच दाबा, नाक बाहेर जाईल. स्टीअरिंग न हलवता फक्त उजव्या पायानं वर्तुळ लहान-मोठं करता आलं, की ते डावं वळण तुमचं.

एबीएस मात्र फ्यूज काढून वगैरे बंद करू नका, तसं करा असा सल्ला देणारे भेटतील. एबीएस १९७८ पासून गाड्यांत आहे आणि रोजच्या टायरवर बहुतेकांपेक्षा चांगलं काम करतं. एक सावधगिरी आहे. चिकट टायर लावून खडबडीत जागी ब्रेकवर एकदम उडी मारली, तर काही गाड्यांच्या एबीएसला वाटतं की खाली बर्फ आहे, आणि ते ब्रेक सोडून देतं. पेडल दगडासारखं कडक होतं आणि गाडी थांबतच नाही. उपाय सोपा आहे, पेडल लाथ मारल्यासारखं न दाबता दाबत न्या.

मागचीचाकं

स्किडपॅडला माझा पूर्ण पाठिंबा. माझं 'पहिल्या दिवसापासून बंद' हे खरं तर तिथल्यासाठी लागू पडतं, हे लिहिता लिहिता माझ्याच लक्षात आलं. कोर्सवर मी जे दोनदा फिरलो त्यातून काही शिकलो नव्हतो. शिकलो ते नंतर, एका ओल्या मैदानावर पूर्ण दुपारभर.

सरळरेषा

पाच आठवड्यांनी परत आलेय, सांगितल्याशिवाय राहवेना.

एक दिवस ओल्या स्किडपॅडवर मिळाला. चालू ठेवून दिवा लागायचा तो ताशी ३२-३३ ला. बंद केल्यावर त्याच वेगाला स्टीअरिंग खरंच हलकं झालं, टायरवेडा यांनी लिहिलं होतं तसं. आवाजातला फरक मात्र मला पाण्यामुळे ऐकू आला नाही. पाय काढायचा व्यायाम पहिल्या वीसेक फेऱ्यांत जमेना, एक तर जास्त निघायचा, नाही तर मी स्टीअरिंगही हलवायचे. पाचदा फिरले. पण प्रत्येक वेळी कोणत्या क्षणी सुटली ते सांगता येत होतं! दुपारनंतर ते एका फेरीत आपोआप झालं. नाक आत आलं, मी दाबलं, बाहेर गेलं. मी गाडीत एकटीच ओरडले.

काल पाचवा इव्हेंट होता. पहिले तीन रन ईएससी चालू, फुल्या मारून. पहिल्या रनला सात फुल्या, तिसऱ्याला तीन, आणि टायमिंग दोन सेकंदांहून जास्त खाली. चौथ्या रनला बंद केलं. टायमिंग जवळपास तेवढंच, ०.२ नं कमी. फिरले नाही. एका लांब वळणात मागचा भाग हलला, तेव्हा पाय आपण होऊन तिथेच थांबला, सुटला नाही. पाचव्याला अजून अर्धा सेकंद उतरला. सहाव्याला जास्त हाव धरली आणि एक कोन पाडला, दोन सेकंद दंड.

आता शेवटच्या तीन फुल्यांपैकी दोन एकाच ठिकाणी आहेत. एका कोनाला वळसा घालून परत यायचं होतं, तिथे. बाहेर पडताना दिवा लागतो. बंद ठेवून आले तर आतलं चाक फिरतं आणि गाडी रुंद जाते. दोन कोन मागे जाऊन बघितलं, तिथे मी बरोबर बघत होते असं वाटतं. मग काय चुकतंय?

जुना_चालक

शाब्बास. पाय थांबला, हे सगळ्यात मोठं काम झालं.

वळशाच्या कोनाला तू आत शिरताना जवळ जातेस का? बहुतेक जण जातात. कोन दिसला की त्याच्याकडेच गाडी ओढली जाते. मग वळसा पूर्ण व्हायच्या आधीच रुंद जावं लागतं, स्टीअरिंग पूर्ण वळलेलं असतानाच ॲक्सिलरेटर दाबला जातो आणि आतलं हलकं चाक फिरतं. पुढच्या वेळी रुंद शिर, एका गाडीच्या रुंदीएवढं. ब्रेक सरळ असतानाच बराचसा उरक, उरलेला वळताना हळूहळू सोड. कोन अगदी जवळ यायला हवा तो वळसा दोन-तृतीयांश झाल्यावर. आणि स्टीअरिंग उलगडायला लागेपर्यंत उजवा पाय नाही.

कोर्स पायी चालताना त्या कोनाभोवती तीनदा फिर, तिसऱ्या वेळी उलट दिशेनं. बाहेर पडायची जागा आधी ठरव, मग आत शिरायची.

सरळरेषा

उलट दिशेनं चालायचं कधी सुचलंच नव्हतं. पुढचा इव्हेंट तीन आठवड्यांनी आहे, नकाशा फुल्यांसकट इथे टाकते.